तेवढाच वेळ जातो

‘पगार’ या शब्दाची व्याख्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘श्रमाचा मोबदला’ अशी केलेली असली, तरी मीरा-भाईंदरच्या हद्दीत ती अपुरी पडते. येथे गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांची फी आणि रेल्वेचा पास या चार वाटांनी निघून जाण्यापूर्वी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेच्या खात्यावर क्षणभर टेकणारी रक्कम म्हणजे पगार होय. ती टेकून उडाल्यानंतर उरलेले तीन आठवडे ज्या पैशावर निभावतात, त्याला मात्र सर्वमान्य नाव नाही. ‘वरकमाई’ हा शब्द अर्थाने चपखल बसला असता, परंतु कचेऱ्यांतील टेबलाखालच्या व्यवहारांनी तो इतका बाटवला आहे की सज्जन माणूस तो स्वतःसाठी वापरत नाही, शेजाऱ्यासाठी वापरतो. ‘जोडधंदा’ म्हटले की डोळ्यांपुढे शेळ्या आणि कोंबड्या उभ्या राहतात, आणि तिसऱ्या मजल्यावरील वन बीएचकेमध्ये त्यांना सोसायटीचे सेक्रेटरी परवानगी देत नाहीत. प्राप्तिकर खात्याने ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ असे एक नाव देऊन ठेवले आहे, पण ते उच्चारताच ऐकणाऱ्याला आपण चौकशीला बोलावले गेलो आहोत असे वाटू लागते. म्हणून या शहराने नाव देण्याचा नादच सोडला आणि त्याऐवजी एक वाक्य रूढ केले, जे शिकवणी घेणारी, डबे देणारी, राख्या गुंफणारी आणि साड्या विकणारी प्रत्येक व्यक्ती विचारण्यापूर्वीच उच्चारते: ‘काही नाही हो, तेवढाच वेळ जातो.’

या वाक्याची थोडी चिकित्सा आवश्यक आहे. सकाळी लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळेल या आशेने घर सोडणाऱ्या आणि रात्री उतरायला जागा मिळेल या चिंतेत परतणाऱ्या माणसाजवळ जी एकच वस्तू शिल्लक नसते ती वेळ, आणि तरीही तो घालवण्यासाठी ती व्यक्ती रात्री अकरा वाजता दोन किलो चकल्या तळते, असा दावा येथे केला जातो. त्याचा खरा अर्थ असा, की पैशांची गरज आहे हे मान्य करणे मध्यमवर्गीय मराठी घरात अजूनही किंचित लाजिरवाणे मानले जाते. यातून एक नियम निष्पन्न होतो: ज्या पैशासाठी घाम अधिक गाळावा लागतो त्याचा उल्लेख कुजबुजत होतो, आणि जो बसल्या जागी मिळतो (किंवा मिळणार असे वाटते) त्याचा उल्लेख लग्नाच्या पंगतीत मोठ्याने होतो. पुढील विवेचन या व्यस्त प्रमाणाभोवती फिरते.

प्रथम ‘मुदत’ ही संज्ञा स्पष्ट केली पाहिजे. पुढचे वीजबिल येण्यापूर्वी जो पैसा हाती पडतो तो अल्प मुदतीचा; आणि ज्याची वाट पाहताना कमावणारा म्हातारा होतो व ज्याचा उपभोग बहुधा नॉमिनी, म्हणजे ठेवीदाराच्या पश्चात ती रक्कम स्वीकारण्यासाठी अर्जावर नेमलेली व्यक्ती घेते, तो दीर्घ मुदतीचा.

अल्प मुदतीच्या कमाईची सर्वांत मोठी बाजारपेठ जमिनीवर नसून रुळांवर आहे. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त महिलांसाठी पहिली लोकल सोडली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत नेली, तेव्हा प्रवासाची सोय एवढाच हेतू प्रशासनाच्या मनात असावा; परंतु लेडीज डब्याला दुकानाची सारी लक्षणे आधीपासूनच चिकटलेली होती. टिकल्या, क्लिपा आणि गजरे विकणाऱ्या फेरीवाल्या हा या बाजाराचा दृश्य भाग झाला. अदृश्य भाग म्हणजे स्वतः प्रवासी असलेल्या, बँकेत किंवा विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या बाई, ज्यांच्या खांद्यावरील पिशवीत डब्याखाली सहा कुर्त्या घडी करून ठेवलेल्या असतात. येथील विक्रीची पद्धत अभ्यसनीय आहे. कुर्ती विकायची आहे असे कोणीही म्हणत नाही. ‘नणंदेने सुरतेहून आणल्यात, सहज दाखवायला घेतल्या’ असे म्हटले जाते, मग ती कुर्ती तीन सीटांच्या बाकावर चौथ्या सीटच्या हक्काने टेकलेल्या बाईंपासून खिडकीपर्यंत मांड्यांवरून प्रवास करते, अंधेरीला रंगाविषयी मतभेद होतात, बोरिवलीला भाव निम्म्यावर येतो, आणि दहिसर गेले की सौदा पटतो, कारण मीरा रोडला अर्ध्या गिऱ्हाइकांना उतरायचे असते. पैसे ‘पगार झाल्यावर’ द्यायचे असतात. अशा रीतीने एका बाईंची वरकमाई दुसऱ्या बाईंच्या क्षणभर टेकणाऱ्या रकमेवर अवलंबून राहते, आणि त्या दुसऱ्या बाई स्वतः पुढच्या डब्यात थालीपीठाची भाजणी विकत असतात.

घरबसल्या कमाईचा दुसरा प्रकार मजुरीचा, आणि त्याचे माप ‘ग्रोस’ हे आहे. ग्रोस म्हणजे बारा डझन, अर्थात १४४ नग. इमिटेशन ज्वेलरी, म्हणजे सोन्याचा केवळ रंग असलेले दागिने, बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस कानातल्यांच्या नुसत्या साच्यांची थैली, खड्यांची पुडी आणि डिंकाची बाटली देऊन जातो, आणि ठरल्या दिवशी खडे बसवलेला माल मोजून नेतो. कागदोपत्री हे काम एकट्या गृहिणीचे असते. प्रत्यक्षात मात्र टीव्हीवर मालिका चालू असताना सासूबाई लाल खडे निवडतात, सासरे चष्मा कपाळावर चढवून हिरवे बसवतात, शाळेतून आलेला मुलगा गृहपाठ टाळण्यासाठी स्वेच्छेने श्रमदान करतो आणि कामावरून आलेले गृहस्थ ‘हे काय चालवलंय घरात’ असे म्हणत पंधरा मिनिटांत दोन डझन उरकतात. पाच माणसांच्या श्रमाला एकाच माणसाची मजुरी मिळते, याला उद्योगजगतात कार्यक्षमता म्हणतात. डिंकाने बोटांवरच्या रेषा बुजल्या की रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र त्या बाईंना ओळखण्यास नकार देते; नोकरीवाल्या माणसाचे अस्तित्व सरकारला निदान मान्य असते, एवढा फरक येथे नोंदवण्यासारखा आहे.

दिवाळीच्या फराळाचे अर्थशास्त्र याहून गहन आहे, कारण त्यात नफा होतो की नाही हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. ऑर्डर घेणाऱ्या बाई वहीत तांदूळ, डाळ, तेल, साखर आणि पिशव्या यांचा खर्च लिहितात, विक्रीतून तो वजा करतात आणि उरलेल्या आकड्याखाली दोन रेघा ओढतात. ओट्यापाशी घालवलेल्या अठरा रात्री त्या वहीत येत नाहीत. अर्थशास्त्रात ‘संधी खर्च’ अशी एक कल्पना आहे. एक काम करताना जे दुसरे काम सोडून द्यावे लागते, त्याची किंमत म्हणजे संधी खर्च. या बाईंनी सोडून दिलेले दुसरे काम म्हणजे झोप, आणि झोपेला बाजारभाव नसल्यामुळे हिशेब नफ्यात निघतो. त्यातूनही चवीसाठी म्हणून शेजारी गेलेला पाव किलो चिवडा, जावेला पाठवलेला डबा आणि ‘घरचेच आहात, तुमच्याकडून काय जास्त घ्यायचे’ या सूत्राने दिलेली सूट वजा केली, तर उरते ती कीर्ती. आणि कीर्तीचा परिणाम एवढाच, की पुढच्या वर्षी ऑर्डर दुप्पट येते.

येथे गिरगावातील सात बायकांचे स्मरण टाळता येत नाही. १५ मार्च १९५९ रोजी त्यांनी उसने घेतलेल्या ८० रुपयांच्या भांडवलावर इमारतीच्या गच्चीत पापड लाटायला घेतले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. या कथेतील पापडाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु लक्षणीय बाब पापड ही नसून उसनवारी ही आहे. ज्याने ८० रुपये उसने घेतले त्याला ‘तेवढाच वेळ जातो’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. परतफेडीची तारीख समोर असली की हिशेब मांडावा लागतो, आणि तो मांडला की स्वतःची मजुरीही त्यात धरली जाते. गिरगावच्या चाळी सोडून दहिसरच्या पलीकडे राहायला आलेल्या कुटुंबांनी बरोबर पाटा आणला, लाटणे आणले, पण ही उसनवारी तेवढी मागे राहिली असे दिसते.

अल्प आणि दीर्घ या दोहोंच्या मधोमध भिशी उभी आहे. बारा जणींनी दरमहा दोन हजार रुपये काढायचे आणि जमलेले २४ हजार चिठ्ठी टाकून एकीला द्यायचे, असा हा व्यवहार वर्षभर चालतो. जिला पहिल्या महिन्यात चिठ्ठी लागते तिला बिनव्याजी कर्ज मिळते आणि जिला बाराव्या महिन्यात लागते तिने बिनव्याजी कर्ज दिलेले असते. म्हणजे एकच वस्तू एकीसाठी कर्ज तर दुसरीसाठी ठेव असते, आणि दोघींना तिचे नाव ‘बचत’ असेच ठाऊक असते. व्याज मुळीच नसते असे म्हणणे मात्र चुकीचे होईल. ते पावभाजीच्या रूपाने दिले जाते. ज्या घरी भिशी फुटते त्या घरी खाणे असते, आणि गेल्या वेळी इडली झाली असल्यास या वेळी किमान छोले-भटुरे झालेच पाहिजेत असा अलिखित दंडक असल्यामुळे वर्षाअखेरीस व्याजाचा दर सावकारालाही लाजवील इतका चढतो. तरीही भिशी सहसा बुडत नाही. तिच्या मागे जामीनदार नसतो, पण पैसे न देणाऱ्या सभासदाला त्याच जिन्याने रोज खाली उतरावे लागते, आणि या शहरात लिफ्ट बंद पडण्याचे प्रमाण पाहता ही तारण-व्यवस्था पुरेशी भक्कम आहे.

दीर्घ मुदतीकडे वळल्यावर गद्य आपोआप संथ होते. टपाल खात्याचे किसान विकास पत्र १९८८ मध्ये निघाले तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत असत; २०२३ च्या एप्रिलपासून साडेसात टक्के दराने त्याला ११५ महिने, म्हणजे नऊ वर्षे सात महिने लागतात. रक्कम दुप्पट होण्यास लागणारा काळ काढण्याची एक सोपी युक्ती आहे, जिला ७२ चा नियम म्हणतात: ७२ ला व्याजाच्या दराने भागावे, म्हणजे वर्षांची संख्या साधारणपणे मिळते. हा नियम पुढे एका खेदजनक प्रसंगी पुन्हा लागणार असल्यामुळे वाचकाने तो ध्यानात ठेवावा.

मीरा-भाईंदरकरांचा दीर्घ मुदतीवरील खरा विश्वास मात्र कागदी पत्रांवर नसून विटांवर आहे. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या, आणि २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजारांवर पोहोचलेल्या या शहरात ‘इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलेला दुसरा फ्लॅट’ ही एक सामाजिक संस्था आहे. हा फ्लॅट ‘कॉट बेसिस’वर देता येतो, म्हणजे भाडे खोलीचे नसून खाटेचे असते, आणि ज्या दिवाणखान्यात एका कुटुंबाला सोफा ठेवण्यास जागा पुरत नव्हती तेथे मालिकेत भूमिका मिळण्याची वाट पाहणारे चार होतकरू नट सुखाने मावतात. करार अकरा महिन्यांचाच असतो. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे ती चुकवण्यासाठी अकराचा आकडा रूढ झाला. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असली तरी नोंदणी आवश्यक केली, पण अकरा महिने टिकून राहिले, जसे वाड्याला आग लागून गेल्यावरही वाड्याचे नाव टिकते. आणि फ्लॅटचा भाव? तो मेट्रोवर अवलंबून असतो. मेट्रो ९ च्या दहिसर ते काशीगाव या टप्प्यावर २०२५ च्या मे महिन्यात चाचणीची गाडी धावली, परंतु एजंटाच्या बोलण्यात ती त्याच्या पुष्कळ आधीपासून भरधाव धावत होती.

मुदत किती दीर्घ असू शकते याचा विक्रमही येथलाच आहे. इंग्रज सरकारने १८७० मध्ये भाईंदर, मिरे आणि घोडबंदर या गावांतील जमीन, समुद्राचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून बांधबंदिस्ती राखण्याच्या अटीवर, रामचंद्र लक्ष्मणजी नावाच्या गृहस्थास ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. तो पट्टा २८६९ साली संपावयाचा. पुढे हे हक्क हातोहात फिरत एका कंपनीकडे गेले आणि जमीन नेमकी कोणाची यावरून वाद व कज्जे झाले, हा भाग वकिलांच्या दीर्घ मुदतीच्या उत्पन्नात मोडतो. पंधरा वर्षांच्या पीपीएफ खात्याला कंटाळणाऱ्याने ९९९ हा आकडा उशाशी ठेवावा.

आता दीर्घ मुदतीचे फळ अल्प मुदतीत देऊ करणाऱ्या शाखेचा विचार करणे प्राप्त आहे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील काही कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथील तरुण रात्रभर अमेरिकेतील नागरिकांना दूरध्वनी करून, आपण त्यांच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी आहोत आणि थकलेला कर तत्काळ न भरल्यास अटक होईल, असे धमकावत असल्याचे उघडकीस आले. ज्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतःचे विवरणपत्र कधी भरले नसावे, त्यांनी परक्या देशाची करवसुली अंगावर घ्यावी, हा अतिरिक्त उत्पन्नाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाकांक्षी उपक्रम म्हणावा लागेल. घरी ही मुले ‘इंटरनॅशनल कंपनीत आहे’ असे सांगत. ‘तेवढाच वेळ जातो’ असे कोणीही म्हणाले नाही.

साखळी विक्रीचे, म्हणजे स्वतः सभासद होऊन आणखी सहा सभासद आणण्याचे, गणितही याच शाखेत येते. प्रत्येकाने सहा आणले तर आठव्या पायरीवर १६ लाख ७९ हजार ६१६ माणसे लागतात; अख्खे मीरा-भाईंदर सभासद करून घेतले तरी निम्मी पायरी रिकामी राहते आणि खाडी ओलांडून वसई-विरारवर स्वारी करावी लागते. चिमाजी अप्पांनंतर असा विचार दुसऱ्या कोणी केल्याचे दिसत नाही. संसदेने पैशांच्या अशा फिरत्या योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ मध्येच केला, तरी ‘फक्त एक मीटिंग अटेंड करा’ हे वाक्य त्यातून निसटले.

या सर्वांवर कडी केली ती टोरेस या दागिन्यांच्या दालनाने. दादर, ग्रँट रोड, कांदिवली, सानपाडा, कल्याण आणि मीरा रोड येथे शाखा उघडून ‘मोइसनाइट’ नावाचा, हिऱ्यासारखा चमकणारा कृत्रिम खडा विकला जाई, आणि खडा घेणाऱ्याला त्याच्या किमतीवर आठवड्याला सहा टक्के, पुढे त्याहूनही अधिक परतावा देण्याचे वचन दिले जाई. वर ध्यानात ठेवलेला ७२ चा नियम येथे लावावा: ७२ भागिले ६ बरोबर १२, परंतु वर्षे नव्हेत, आठवडे. मिळालेला परतावा पुन्हा गुंतवत गेल्यास एका लाखाचे वर्षाअखेरीस वीस लाखांहून अधिक होतात, आणि असेच चालू राहते तर टपाल खात्याच्या ११५ महिन्यांत एकेका गुंतवणूकदाराला रिझर्व्ह बँक विकत घ्यावी लागली असती. हे गणित मांडण्यास सातवीचे पुस्तक पुरते, आणि ज्यांनी पैसे गुंतवले त्यांतील कित्येकांच्या बाल्कनीत ‘सातवीपर्यंत सर्व विषय’ अशी पाटीही असेल. २०२४ च्या डिसेंबरअखेर परतावा थांबला, ६ जानेवारी २०२५ रोजी दादरच्या दालनापुढे गर्दी उसळली, आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठी असलेला १९९९ चा राज्याचा कायदा लावून गुन्हे नोंदवले गेले. फिर्याद देण्यास पुढे आला तो एक भाजीविक्रेता.

यातील करुण भाग असा की बुडालेला पैसा बहुधा त्याच वहीतला होता, जिच्यात दोन रेघा ओढल्या होत्या. खडे बसवून ग्रोसच्या भावाने मिळालेली मजुरी एका नव्या खड्यात गेली, आणि खरे-खोटे खडे हाताखालून हजारोंनी गेलेली बोटेही फसली. वीस वर्षे कुजबुजत कमावलेल्यांनी आयुष्यात प्रथमच मोठ्याने सांगितले होते, की दर आठवड्याला पैसे येतात. शेजारणीला, जावेला, लेडीज डब्यातील चौथ्या सीटला. त्या मोठ्याने सांगण्याची किंमत बुडीत रकमेत धरलेली नाही.

या शहराच्या पश्चिमेला, रिक्षा आणि बस बदलत जावे लागते अशा उत्तनला, मुदतीचा प्रश्न मात्र फार पूर्वी सुटलेला आहे. ओला बोंबील हा जवळजवळ सारा पाणीच असल्यामुळे काही तासांत नासतो. तो दुपारच्या आत विकला पाहिजे, ही अल्प मुदत. जो विकला जात नाही किंवा मुद्दाम राखला जातो, तो दोन-दोनांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूंच्या वलांडीवर, म्हणजे दोरांच्या उंच मांडवावर, वाळत टाकतात. वजन उतरून काडीएवढे होते, पण १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी लागली की त्याच काडीला भाव येतो, ही दीर्घ मुदत. मधे अवकाळी पाऊस आला तर मांडवावरची सारी ठेव एका रात्रीत कुजते, आणि तिला नॉमिनी नसतो.

बंदीच्या दिवसांत भाईंदरच्या बाजारात सुक्या बोंबलाची टोपली घेऊन बसलेल्या बाईंना, एवढे ऊन-पाऊस सोसून हे सारे कशासाठी करता, असे कोणी विचारले तर त्या ‘तेवढाच वेळ जातो’ असे म्हणत नाहीत. त्या भाव सांगतात. गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालून ‘एवढे महाग?’ असे म्हणाले, की त्या टोपलीवरची माशी पदराने उडवतात आणि तोच भाव पुन्हा, थोड्या मोठ्या आवाजात, सांगतात.